रामटेके सरांचं इन्सुलिन

किस्से जमवावे लागत नाहीत. एक रामटेके सर स्टाफरूममध्ये बसवा, आपोआप साचतात! ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका कॉलेजात, झूलॉजी डिपार्टमेंटला, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. म्हणजे माझा काही इलाजच नव्हता.

सरांचं सगळं प्रेम एकाच विषयावर. "इन्सुलिन इन्सुलिन म्हणून जन्मतच नाई! आधी लांब साखळी बनते, मंग कापाकापी, तवाच ते ॲक्टिव्ह होते!" हे ते कॅन्टीनवाल्यालाही ऐकवायचे.

*

एकदा शिकवायला साखळी हवी होती. टेबलावर झेंडूचा हार दिसला. सरांनी तो सोडला, दुमडला, दोन्ही टोकं दोऱ्यानं एकमेकांना बांधली आणि मधला मोठा तुकडा कात्रीनं उडवला. "हा गेला सी-पेप्टाइड. उरलं ते इन्सुलिन!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हार स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांचा होता!

दुसरा आणायला वेळ नव्हता. सरांनी तोच पुन्हा गाठ मारून घातला, तो पाहुण्यांच्या कानांवर अडकला. सर अदबीनं म्हणाले, "साहेब, आखूड झाला खरा, पण आता ॲक्टिव्ह आहे!"

*

"पेशीतली गोल्जी बॉडी म्हणजे आपला बस स्टँड," सर वर्गात सांगायचे. "इथी मालाची छाटणी होते. काही गाड्या भरल्या का सुटतात. इन्सुलिनच्या गाड्या भरून उभ्या राह्यतात, शिट्टी वाजल्याबिगर हालत नाई!"

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक्झामिनर आले. धानोऱ्याकडचा मडावी समोर. नापास झाला तर वर्ष जाणार, पोरगा घामाघूम.

"इन्सुलिन पेशीतून बाहेर कधी पडतं?"

"कंडक्टरनं शिट्टी मारली का, सर!"

"कोण कंडक्टर?"

"ग्लुकोज, सर!"

एक्झामिनरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. आणि ड्रायव्हर?"

"ते सिलॅबसमध्ये नाई, सर!"

पास झाला.

*

माशाच्या पोटात इन्सुलिनच्या पेशींची वेगळी गाठ सापडते. ती दाखवायची म्हणून सरांनी तलावातला मरळ आणला, तुकडे केले आणि पिवळ्याजर्द विषारी औषधात मुरत ठेवले. प्लास्टिकच्या डब्यात. आणि डबा प्राचार्यांच्या ऑफिसातल्या फ्रिजमध्ये!

प्राचार्य मराठीचे, त्यात सर्दी झालेली. त्यांना वाटलं, तलावावर मासे धरणाऱ्यांच्या एखाद्या पोराच्या घरून मासा प्रेमानं आलाय. गेले घेऊन घरी.

हे कळताच सरांनी सायकल अशी हाणली की बंगल्याच्या फाटकालाच धडकले. आत कढईत तेल तापलेलं.

"बाई, थांबा! टाकू नका! ते औषध आहे!"

प्राचार्यांच्या बाईंच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "अगाई! मी तं म्हणून राह्यली होती, पोरगं किती गुणाचं, हळदही लावून देल्ली!"

*

आणि हा शेवटचा. हा आम्हाला खुद्द रामटेके वहिनींनी सांगितला.

सर मुलगी पाहायला ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये गेले. वय वाढत चाललं होतं, आधीच्या दोन ठिकाणी नकार आलेला. सोबत मध्यस्थ म्हणून त्यांचे मामा. मामा दारातून "जय भीम" करत शिरले ते बोलतच सुटले. पोराचं शिक्षण, पोराचा स्वभाव, पोराच्या लहानपणीचा टायफॉइड. पोहे आले, चहा आला, मामा थांबेनात. सर नुसते घाम पुसत बसलेले.

शेवटी मुलीनंच विचारलं, "तुमी काय शिकवता?"

सरांचा चेहरा उजळला! "साखळी," ते म्हणाले. "इन्सुलिनची. तिच्या तोंडाशी एक तुकडा राह्यते. त्याले सिग्नल म्हणतात. तोच साखळीले दारापर्यंत आणते, आत घुसवते. त्याच्याबिगर आत येताच येत नाई."

"मंग?"

"मंग काय! एकदा आत आली का त्या तुकड्याचं काम संपलं. त्याले कापून टाकतात."

मुलीनं मामांकडे पाहिलं. मामा टायफॉइडवरून कांजिण्यांवर आले होते.

"मंग," ती हळूच म्हणाली, "या मामाले कवा कापता?"