तिरक्या पट्टीचा आकडा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगतेय, तरी भीती अजून गेलेली नाही.

यंत्रांवरचा ताण मोजणं हे माझं काम, ऑफिस जळगावला. शिरपूरकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा जुना प्रेस होता. दुरुस्तीनंतर त्याची चौकट भार सोसेल का, एवढंच मला सांगायचं होतं. चौकटीच्या कोपऱ्यावर मी तीन स्ट्रेन गेज चिकटवले — लोखंड किती ताणलं जातंय ते दाखवणाऱ्या बारीक पट्ट्या. एक उभी, एक आडवी, एक तिरकी. अशा कोपऱ्यात सगळ्यात मोठा ताण कुठल्या दिशेला आहे, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. तिन्ही आकडे मिळाले तरच तो हिशेबाने काढता येतो.

चाचणीसाठी थोडा दाब देऊन पाहिला, तर तिरक्या पट्टीचा आकडा स्थिर राहीना. ती नीट चिकटली नव्हती — चूक माझीच. खरवडून पुन्हा लावायची तर आणखी एक दिवस. मालक दारात, कापसाच्या गाड्या बाहेर उभ्या. मग मी काय केलं? उभ्या-आडव्याची सरासरी काढली आणि तीच तिरकीचा आकडा म्हणून टाकली. असं केलं की मोठा ताण उभा नाहीतर आडवाच निघतो, तिरका निघूच शकत नाही. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. अहवालात लिहिलं — सुरक्षित.

पण सांगायचं आहे ते हे नाहीच.

पहिली गाठ दाबायची वेळ आली. प्रेस चालवणारे सुकलालभाऊ चौकटीला खेटून उभे होते. म्हणाले, "या ना ताई, जवळून देखा."

"मला धुळीचा त्रास होतो," मी म्हटलं, आणि भिंतीआड जाऊन उभी राहिले. दाब चढत गेला तशी मी आणखी मागे सरकले. आणि त्यांना — बाजूला व्हा, एवढंसुद्धा म्हणाले नाही.

दोन हंगाम ते तिथेच उभे राहिले. शिरपूरचा फोन आला की मी तो बराच वेळ नुसता वाजू द्यायचे.

मग मालकांनी नवा प्रेस आणला. जुना खोलताना मला बोलावलं. कोपऱ्यातल्या रंगाखाली भेग होती. बोटभर लांब, तिरकी.

सुकलालभाऊंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "ताई, तुम्ही तपाशेल व्हतं, म्हनीसन आम्ही बठ्ठा, सगळेच, निर्धास्त व्हतूत."

मालक म्हणाले, खोलतानाच पडली असेल.

भेगेच्या आत जुना गंज होता. मला दिसत होता. मी म्हणाले — हो, असेल.