कोंबडीखालची बदकं

मावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शेगाव स्टेशनबाहेर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. उरलेला गठ्ठा सोबतच्या मैत्रिणीकडे दिला आणि मेहकरची एसटी धरली. महिना होत आला... मनातल्या मनात अजून तिच्याशी भांडतेच आहे.

कमलमावशी, आईची धाकटी बहीण, मेहकरजवळच्या खेड्यात काकांसोबत राहायची, बदकं पाळायची. तिच्या बदक्या अंड्यांवर टिकून बसत नसत, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. गेल्या उन्हाळ्यात मी तिथं होते. बाकीची पिल्लं बाहेर आली, एकच अंडं अडलं. भोकातून चोच दिसत होती, आतली चिवचिव सकाळपासून बारीक होत चालली होती.

मावशीनं अंडं उचललं. मी तावातावानं म्हटलं, "ठेव ते. ज्याचं कवच त्यानंच फोडायचं. उपकारानं कुणी मोकळं होत नाही."

"पत्रकात ठीक हाय हे."

बाजेवरून काका ओरडले, "अवो डाक्टरीनबाई, आम्लेट करा त्याचं!"

"तुमी चूप बसा!" मग ती माझ्याकडे वळली. "बदकी पान्यातून ओल्या पंखानं येऊन बसते. कोंबडी कोरडी. आतली साल सुकून त्याच्या अंगाले चिकटली. कोंबडीखाली कोनं ठेवलं? म्या. मंग हा उपकार कसा, बाई?"

"आणि तुझ्या हातानं मेलं तर?"

"त्याचंच भेव वाटून राह्यलं मले..."

दया हा शब्द मला तेव्हा सोसत नव्हता, आजही नाही. पण हे दयेचं प्रकरण नव्हतं. तिनं कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून चोचीभोवतीची साल भिजवली, नखानं इवलासा तुकडा काढला. सालीत रक्ताची लाल रेघ दिसली, तशी थांबली. आता मलाच धीर निघेना. "काढ ना सगळं!"

"नाही. रगत आत जिरू दे. पुढचं त्याचं त्याले करू दे."

ओलं फडकं पांघरून अंडं टोपलीत ठेवलं. दुपारभर ती तिथून हलली नाही, जेवलीही नाही. उन्हं उतरताना पिल्लू बाहेर आलं. एक पाय वाकडा.

"लंगडं हाय," ती हसली, "पन हाय!"

मावशी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी झाला; त्याच्या दुसऱ्या दिवशी काका दाण्याची पाटी घेऊन अंगणात उभे राहिले. बदकं पायांत घोटाळत कलकलाट करत होती. पाटी काही रिकामी होईना.

"काका, टाका ना."

"थांब," ते म्हणाले. "ते लंगडं अजून येऊन राह्यलं."