जावेला वाघ, मला मच्छर

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. गावातली शाळा चौथीपर्यंत होती, पुढची खाडीपलीकडे, आणि पलीकडे मला कोणी पाठवलं नाही. ही पानं चुकून कुणी वाचलीच तर चुका पोटात घालाव्या. चार माणसं बसली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते.

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. तिला वाघाने धरलं म्हणून.

तसा तो बिबट्या. पण दिंडोशीच्या मागे डोंगराला लागून राहणारे सगळे त्याला वाघच म्हणतात. जाऊ संध्याकाळी घरामागे वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. तो आला होता कुत्र्यासाठी, मध्ये ही सापडली. त्याचा पंजा तिच्या डाव्या खांद्यावर बसला, तिने हातातली बादली त्याच्या तोंडावर हाणली, आणि तो पळाला.

टीव्हीवाले आले. सरकारकडून भरपाई आली. सासूबाई तोवर मुलुंडला माझ्याकडे असायच्या, त्या हिला बघायला म्हणून गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. "माझी सून वाघाच्या तोंडातसून परत इली," असं येईल त्याला सांगू लागल्या. थोरली सून मी. लग्न झाल्यापासून त्यांची पेज, त्यांच्या गोळ्या, त्यांचे गुडघे मीच पाहिले. पण गुडघे चोळणारीला बघायला कोण येणार?

जावेने पुढे नवे ब्लाउज शिवले. त्यांचा गळा डाव्या बाजूला जरा जास्त उतरता होता. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. पदर थोडा सरकला की तीन लांब वण दिसायचे आणि बायका म्हणायच्या, अगं बाई, हेच का ते. मग ती पहिल्यापासून सांगायची. बादली सुरुवातीला प्लास्टिकची होती, नंतर नंतर ती पितळेची झाली.

पुढच्या गणपतीनंतर मी कामाला आहे त्या पोळीभाजी केंद्रात शेगडीसमोर चपात्या भाजता भाजता खाली बसले ती उठलेच नाही. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स रोज उतरत होत्या. डॉक्टरांनी नवऱ्याला रक्त देणारी माणसं तयार ठेवायला सांगितलं. नर्सिंग होमचे पैसे भरायला त्याच्याकडे नव्हते. तो भावाकडे गेला, आणि जावेने भरपाईतून काढून दिले. एका शब्दात दिले, असं नवरा सांगत होता. मी डोळे मिटून पडले होते. मला चढत होतं ते सलाईनही वाघाच्या पैशाचं.

ती सासूबाईंना घेऊन मला बघायला आली. सलाईन बदलायला आलेल्या नर्सने तिला ओळखलं, टीव्हीवर पाहिलं होतं म्हणे. तिने दुसऱ्या दोघींना बोलावलं. मी खाटेवर, आणि त्या तिघी माझ्या खाटेला पाठ करून तिचा खांदा बघतायत. सासूबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला तेवढ्याने मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मच्छर चावान कोण मरता काय गो? उठशीत तू."

मी उठले. पण अंगावर दाखवायला काहीच नव्हतं. केस तेवढे गळले, आणि केस तर सगळ्यांचेच गळतात. केंद्रात परत गेले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या की ताप होता ना, बरं झालं आराम मिळाला.

पगारातून दर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढून मी जावेला पोचवत राहिले. मुलुंडहून दिंडोशीला जाऊन तिच्या हातात द्यायचे. ती दर वेळी म्हणायची, "घाई काय आहे, वहिनी? राहू द्या ना." ती चांगल्या मनाने म्हणायची, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त लागायचं. नवरा म्हणाला, नवी साडी घे यंदा, पैशांसाठी ती थांबेल. मी साडी घेतली नाही. तिच्या उपकारातून सुटायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यातच मुलीला शाळेत प्रकल्प मिळाला, माणसाला सर्वांत धोकादायक प्राणी कोणते. ती मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवत होती. सगळ्यांच्या वर मच्छर. मग साप, कुत्रे, मगर. गोगलगायसुद्धा होती, कुठल्याशा देशात तिच्यापासून रोग होतो म्हणून. मी विचारलं, बिबट्या? ती म्हणाली, "नाही गं आई, त्याचं नावच नाही यात." मी तिला परत वर-खाली बघायला लावलं. गोगलगाय आहे आणि बिबट्या नाही. त्या दिवशी माझ्या चपात्या फुगल्या तशा कधी फुगल्या नाहीत.

संक्रांतीचं हळदीकुंकू जावेकडे होतं. शेवटचे पैसे पर्समध्ये घेऊन मी मुलीसह गेले. वाटेत तिला म्हटलं, तुझा प्रकल्प आजीला वाचून दाखव हां. बायका जमल्या, वाण वाटून झालं, खांदा बघून झाला, आणि मुलीने वाचलं. छान वाचलं, न अडखळता. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. आता कुणीतरी म्हणेल, अगं, हिला पण झाला होता ना डेंग्यू, मरता मरता वाचली.

शेजारची एक बाई म्हणाली, "मच्छरला काय घाबरायचं? टाळी वाजवली की खलास." आणि तिने टाळी वाजवली. सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच ओटा पुसायला लागले.

जाऊ माझ्यामागून आली. बाहेर अंधारून आलं होतं. तिने मागच्या दाराची कडी तपासली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, मागे टोप राहिलाय घासलेला. तेवढा आणाल?"

दार तिच्या हाताशी होतं, टोप दारापासून दोन पावलांवर.

"तूच आण की," मी म्हटलं.

"मला नाही जमत. त्या दिवसापासून काळोख पडल्यावर मी मागे गेलेच नाही. कपडेसुद्धा हेच काढतात." मग हळूच म्हणाली, "बायकांना सांगू नका. तुमचं बरं आहे. ताप उतरला, सुटलात."

मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच्या आधी मनात आलं ते असं, की बघा, भीतीसुद्धा हिची माझ्यापेक्षा मोठी. मी आजही भरलेलं पिंप दिसलं की झाकण उचलून आत अळ्या शोधते, त्याला भीती म्हणतात हे मलाही सुचलं नव्हतं.

मी मागे गेले. टोप उचलला. समोर झाडं काळी झाली होती. खरं लिहायचं तर मी गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे उभी राहिले. कुणी आलं नाही. पायाला मच्छर मात्र चावत होते.

आत येऊन कडी लावली, टोप पालथा घातला आणि पर्समधून पैसे काढून तिच्यापुढे धरले.

"हे शेवटचे."

"घाई काय होती, वहिनी?"

"मोजून घे."

"तुमचे पैसे मी मोजू?"

"मोज," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जावेने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या. पुरे होते. काही बाकी राहिलं नाही.