व्हॅनचे डॉक्टर

नीट चालू होणाऱ्या गाडीचे किस्से कोणी सांगत नाही. आमच्या जुन्या व्हॅनचे मात्र वर्षभरात ढीगभर जमले. माझी बायको मंदा गेली आणि थोड्याच दिवसांत गाडीने हे सुरू केलं. मनात असलं तर चालू, नसलं तर किल्ली फिरवा आणि बसा. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, बिघाड सापडत नसेल तर विकून टाका." मला विकायची नव्हती. जळगावच्या आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळेच डॉक्टर झाले.

*

पहिले शेजारचे नाना. हयात एसटी चालवण्यात गेलेली, त्यामुळे औषध एकच : धक्का. अर्ध्या कॉलनीने पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी ढकलली. गाडी गप्प. नाना दमले, धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, आता फिरव किल्ली. चालू!

"धक्का कुणाचा आहे, त्याच्यावर असतं," नाना आजही सांगतात.

*

दुसरे, फिजिक्सचे सोनवणे सर. त्यांच्या मते दोष जळगावच्या उन्हाचा. त्यांनी बॉनेटवर ओला टॉवेल पसरला आणि निरीक्षणासाठी माझ्या बाजूला बसले. गाडी लगेच चालू. मी सांगितलं, सर, या गाडीचं इंजिन पुढे नाही, आपल्या सीटखाली आहे.

सर उतरून टॉवेल पिळू लागले. "तरी गुण आला ना?"

*

तिसरा रफिक, मेकॅनिक. गाडी अडली की मी रिक्षाने जाऊन त्याला आणायचो. तो शेजारी बसायचा, म्हणायचा, सर, मारा सेल्फ. पहिल्या झटक्यात चालू! तो गॅरेजला परतला की पुन्हा मुकी. शेवटी वैतागून म्हणाला, "सर, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही एकदा बीपी बघून घ्या."

*

अखेर मुलाने धुळ्याचं गिऱ्हाईक पाठवलं. दोघे भाऊ आले, दोघेही भरभक्कम. मी किल्ली दिली आणि नाना, रफिक यांच्यासोबत ओट्यावर बसून राहिलो.

थोरला एकटा बसला, चालू होईना. धाकटा शेजारी बसला, झाली. बंद करून धाकटा उतरला, पुन्हा होईना. थोरल्याला भाव पाडायला आयतंच मिळालं. "काय हो सर, हिला चालू करायला दोन माणसं लागतात का?"

रफिक ताडकन उठला. डावी सीट उचलली. खाली बॅटरी, तिच्या वायरची क्लॅम्प सैल. वर कोणी बसलं की दाबून चिकटायची, उठलं की सुटायची.

"पण सर," रफिक म्हणाला, "आधी कधीच कसं झालं नाही?"

"आधी त्या सीटवर मंदा असायची," मी म्हणालो.

रफिकने पाना घेऊन क्लॅम्प आवळली. मी मुलाला फोन केला, बिघाड सापडला, गाडी विकत नाही. ज्यांच्यामुळे तो सापडला, ते दोघे भाऊ चहा पिऊन रिकाम्या हाताने धुळ्याला गेले.

मग मी एकटा बसलो आणि किल्ली फिरवली. चालू. तेवढ्यात डावं दार उघडून नाना आत येऊन बसले.

"नाना, आता कोणी बसायची गरज नाही. एकट्यानेही चालू होते."

नानांनी काच खाली केली. रस्त्याकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाले, "ते गाडीले सांग."