टाळ्यांनंतरची वृंदा

शाळा सुटायच्या वेळी कुडाळहून वृंदाच्या भावाचा फोन आला. "वृंदा गेली गो... सकाळी चाय घेतल्यान, आणि बसल्या जागी गेली." मी फोन कानाला धरून उभीच राहिले. पोरं दप्तरं घेऊन धावत होती, आणि मला मात्र तिचा एकच दिवस आठवत होता. तिचे इतके चांगले दिवस असताना नेमका तोच आठवावा, याचीही लाज वाटली.

वृंदा माझी डी.एड.पासूनची मैत्रीण. पुढे ती स्वमग्न मुलांना शिकवण्याचं शिकून आली आणि गावोगावच्या शाळांत जाऊ लागली. मुलांपेक्षा तिला तिथल्या मदतनीस बाया, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या बायका जास्त महत्त्वाच्या वाटायच्या. ती म्हणायची, की मूल गेटवर लोळण घेतं तेव्हा त्याला उचलतात त्या ह्याच, डबा भरवतात, बाथरूमला नेतात त्याही ह्याच, आणि त्यांना कोणी काही सांगतच नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी एसटीने फिरून ती त्यांची शिबिरं घ्यायची. आमच्या गावचं, आचऱ्याचं शिबिर मी आमच्या शाळेत भरवलं होतं.

त्या दिवशी तिने पहिलीतली एक मुलगी समोर बसवली. तिचं नाव इथे लिहीत नाही. आईला मीच विचारलं होतं. बाई सांगतात म्हणजे भल्याचंच असेल, म्हणून ती पोरीला नवा फ्रॉक घालून घेऊन आली. मुलगी बोलत नसे. चित्रातलं पाणी दाखवून खरं पाणी कसं मागायचं, हे वृंदाने तिला आधी शिकवलं होतं. आजूबाजूच्या शाळांतल्या बायकांनी हॉल भरला होता, पंखे खडखडत होते. मुलीने बराच वेळ घेतला, आणि शेवटी पेल्याचं चित्र उचलून वृंदाच्या हातात दिलं. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बहुतेक सगळ्यांच्या आधी.

मुलगी किंचाळली. टेबलाखाली शिरून स्वतःचं मनगट चावू लागली. नवा फ्रॉक ओला झाला. कोणीतरी हसलं, कोणीतरी मोबाइल वर धरला. आई पुढे आली, तिने पोरीला उचललं आणि त्या सगळ्या बायकांच्या मधून, कोणाकडे न बघता, निघून गेली. वृंदा ते चित्र हातात धरून जमिनीवर बसून राहिली.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर ती म्हणाली, "ती आधीपासून कान झाकत होती. मला दिसलं होतं गं. मी म्हटलं, एवढं एक झालं की सोडते..."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. आईने आम्हाला घरापुढच्या खळ्यातच उभं ठेवलं. वृंदाने माफी मागितली. आई शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी चुकलास ह्या तुमका कळला. पण माज्या चेडवाक कोण सांगतला? ता आता शाळेची वाट दिसली तरी रडता." आमच्या शाळेतली मदतनीस कितीतरी दिवस रोज त्या घरी जाऊन नुसती पायरीवर बसायची. अखेर एका सकाळी मुलगी तिचं बोट धरून शाळेपर्यंत आली. आई मात्र वृंदाशी पुन्हा कधी बोलली नाही.

त्यानंतर वृंदाने शिबिरात कधीही मूल आणलं नाही. मुलाच्या जागी ती मोठ्यांनाच बसवायची. एकीच्या कानाशी दोघी एकदम बोलायच्या, तिसरी ताटावर उलथनं घासायची, आणि मधल्या बाईने सुईत दोरा ओवायचा. सुरुवातीला सगळ्या हसायच्या, मग हळूहळू गप्प व्हायच्या. पण त्याआधी, प्रत्येक शिबिरात, वृंदा आचऱ्याची गोष्ट सांगायची. 'एक बाई' असं म्हणून नाही, 'मी' म्हणून. मी तिला अडवलं होतं. म्हटलं, अशाने तुझा मान राहणार नाही. ती म्हणाली, "मग नको राहू दे."

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर, मला माझ्या शाळेचं नाव सगळीकडे जायला नको होतं.

बाराव्याला त्या मुलीची आई कुडाळला आली होती. मागच्या बाजूला थोडा वेळ बसली आणि कोणाशी न बोलता निघून गेली. का आली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वृंदाच्या वहिनीने तिच्या मऊ, वापरून विरलेल्या सुती साड्या शाळांना वाटल्या. गोंगाट सोसला नाही की मुलाला जाऊन बसता यावं, म्हणून वर्गात एक कोपरा ठेवायला वृंदा सांगत असे. तिची निळी साडी आता आमच्या पहिलीच्या वर्गात त्या कोपऱ्याचा पडदा झाली आहे. गेल्या आठवड्यात, या लेखासोबत छापायला बरा दिसेल म्हणून, मी मधल्या सुट्टीत त्या पडद्याचा फोटो काढायला गेले. वर्ग रिकामा दिसत होता. मोबाइल डोळ्यांसमोर धरला, तेव्हा साडीच्या काठाखाली दोन लहान पावलं दिसली. बोटं सावकाश हलत होती, एका लयीत... चित्र फार सुंदर होतं. माझं बोट बटणावर गेलंसुद्धा होतं.

मग मी मोबाइल पिशवीत टाकला आणि पाय न वाजवता बाहेर आले. या लेखासोबत फोटो नाही, तो त्यामुळे.