कापराच्या तेलाचा वास

आज बायको माझ्या दुखऱ्या खांद्याला कापराचं तेल चोळत होती, आणि त्या वासानं मला कंधारच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर नेऊन बसवलं. शेवटची, मानाची कुस्ती होती. एकीकडं जिल्ह्यात कुणालाच न हरलेला आडदांड गडी, दुसरीकडं केस पिकलेला, उतरणीला लागलेला पैलवान. तो म्हातारा आमच्या पुढून आखाड्यात उतरला तेव्हा हाच वास आला होता. मानेला मान भिडली, हलगी कडाडली. आता पाडील, मग पाडील म्हणून आमची सारखी ऊठबस. पण तो आडदांड नुसता म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला घुमत राहिला. फड बिथरला. "नुरा कुस्ती हाय ही! ठरवून खेळून राहिले दोघं!" माझा मेहुणा बेंबीच्या देठापासून ओरडला. शेवटी त्या आडदांडानं डाव्याच बाजूनं म्हाताऱ्याला अलगद चीत केलं आणि शिव्या खात, खाली मान घालून निघून गेला. मलाही इतकी वर्षं ती कुस्ती ठरवलेलीच वाटायची. आज बायकोचा हात जरा जोरात लागला आणि मी कळवळून उठलो. "बसा की गप," ती म्हणाली. बसवेना. मानेला मान भिडवणाऱ्याला तो वास माझ्यापेक्षा जवळून आला असणार. म्हाताऱ्याच्या उजव्या खांद्याला त्यानं शेवटपर्यंत हात लावला नव्हता.