सॅक उलटी करणाऱ्या सिस्टर

चालायला निघण्याच्या चार दिवस आधी सॅक भरून सिस्टरांकडे न्यावी लागे. त्या आधी पाण्याचा तांब्या हातात देत. आपण पाणी प्यायला मान वर केली की तेवढ्यात सॅकचे पट्टे सोडून ती सरळ चादरीवर उलटी करत. कपडे, आतले कपडे, लपवलेले फरसाणाचे पुडे, सगळं सगळ्यांसमोर पसरलेलं. पहिल्या वेळी मला रडूच आलं होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उभा जन्म सरकारी दवाखान्यात काढलेल्या बाईला माणसाच्या सामानाची कसली आलीय लाज?

त्यांना नाव होतं, पण आमच्यापैकी कुणी ते कधी वापरलं नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या नाशिकच्या इंदिरानगरमध्ये पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. नवरा लवकर गेलेला, मुलगा अमोल पुण्यात नोकरीला. माहेर वणीच्या बाजूचं, टोमॅटो आणि झेंडू पिकवणारं घर. इतकी वर्षं शहरात राहून बोलणं शहरी झालं होतं, पण चिडल्या किंवा दमल्या की गावाकडचं 'लय' आणि 'नाय' आपोआप बाहेर यायचं. आम्ही सात-आठजण दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस पाठीवर तंबू टाकून डोंगरातून चालत असू. वाट ठरवायचे देवरेदादा. काय घ्यायचं आणि काय नाही, ते मात्र सिस्टर ठरवायच्या.

चादरीवर पडलेली एकेक वस्तू उचलून त्या एकच प्रश्न विचारायच्या, "हे नसलं तर काय होईल?" 'थंडी वाजेल' म्हटलं की वस्तू राहायची. 'गैरसोय होईल' म्हटलं की ती बाजूला पडायची. टॉवेल त्या कात्रीने मधोमध कापायच्या आणि अर्धा परत द्यायच्या. साबणाच्या वडीचंही तेच. काडेपेटीतल्या काड्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत गेल्या पाहिजेत, मोजे लोकरीचेच पाहिजेत आणि नवा कोरा बूट तर दारातूनच परत जायचा. देवरेदादा मूळचे सटाण्याकडचे, मनमाडला रेल्वेत नोकरी केलेले. ते एकदा पितळेचा जाडजूड डबा घेऊन आले होते. सिस्टरांनी तो हातात तोलून बाजूला ठेवताच दादा कळवळून म्हणाले, "मना बापना डबा शे तो." वडिलांचा डबा म्हटल्यावर सगळे सिस्टरांकडे बघू लागले. सिस्टर म्हणाल्या, "वडील घरी राहू द्या. चटणी तेवढी घ्या." दादा स्वतःच हसले आणि शेंगदाण्याची चटणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतली.

मी या लोकांत आले ते नवऱ्याचं घर सोडून माहेरी परतल्यानंतरच्या हिवाळ्यात. ऑफिसातल्या एकीने जवळजवळ ढकललंच मला. त्या वेळी सिस्टरांनी माझी सॅक उलटी केली तेव्हा तीन जीन्स, छत्री आणि आरसा यांच्या खालून कोर्टाच्या कागदांची फाईल बाहेर पडली. ती मी का भरली होती, मला आजही सांगता येणार नाही. घरात ठेवली तर आई वाचत बसेल असं काहीतरी वाटलं असावं. सिस्टरांनी ती उघडलीही नाही. सगळे पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, फाईल स्वतःच्या कपाटात साड्यांखाली सरकवली आणि म्हणाल्या, "आठ दिवस इथं राहू दे. परत आल्यावर पाहिजे असली तर ने." त्या आठ दिवसांत मी चालले, जेवले, झोपले. पुष्कळ दिवसांनी रात्रभर झोपले.

सामानाची तपासणी झाली की त्या एकेकाला स्वयंपाकघरात बोलावत. काय दुखतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, मागे कधी दम लागला होता का, हे ओट्याशी उभं राहून हळू आवाजात विचारत आणि चिठ्ठीवर लिहून औषधांच्या पेटीत ठेवत. कुणी टाळाटाळ केली तर म्हणत, "घरात झाकलेला आजार चढावर उघडा पडतो. तेव्हा तुमच्यासोबत आम्हालाही खाली उतरावं लागतं." एका गृहस्थांनी साखरेचा आजार लपवला होता. सिस्टरांनी त्यांना सोबत येऊ दिलं नाही. ते पुन्हा कधी आले नाहीत, पण देवरेदादांना भेटले की सिस्टरांची चौकशी करत.

त्यांची स्वतःची सॅक कुणी तपासत नसे. ती सगळ्यांत हलकी असायची आणि सगळ्यांत आधी भरलेली असायची. इतकंच आम्हाला माहीत होतं.

गेल्या खेपेला वणी ते मनमाड ही वाट ठरली. वणीपासून पूर्वेकडे डोंगराच्या धारेने चालत जायचं, किल्ले चढायचे-उतरायचे, मिळेल तिथे टाक्याचं पाणी प्यायचं आणि नवव्या दिवशी मनमाडला रेल्वेत बसायचं. सिस्टरांची ही फार दिवसांची इच्छा होती. लहानपणी शेतात उभं राहून हीच डोंगररांग बघितली, पण तिच्या पलीकडच्या टोकाला काय आहे ते पाहिलं नाही, असं त्या म्हणायच्या.

सामानाच्या दिवशी मी लवकर पोचले. त्या बाजारात गेल्या होत्या आणि शेजारणीकडून किल्ली घेऊन मी आत बसले. त्यांची सॅक भिंतीला टेकून उभी होती. मला खोडी सुचली. आज आपण त्यांची सॅक उलटी करून ठेवायची, आल्यावर विचारायचं, हे नसलं तर काय होईल? मी पट्टे सोडले आणि सॅक चादरीवर ओतली. एक स्वेटर, एक पंजाबी ड्रेस, अर्धा टॉवेल. बाकी सगळा कापूस, गॉजच्या घड्या, चिकटपट्टीची रिळं आणि गोळ्यांची पाकिटं. औषधांची सामायिक पेटी वेगळी भरून शेजारीच ठेवलेली होती.

मी ते सगळं घाईघाईने परत भरलं. पण सिस्टरांसारखं भरणं मला कुठून जमणार? त्या आल्या, सॅककडे एकदा बघितलं आणि भाजीची पिशवी आत नेऊन ठेवली. मला वाटलं, बोलतील. त्या म्हणाल्या, "कुणाला लागलं-खुपलं तर असावं म्हणून घेतलंय." मी मान डोलावली. टॉवेल कापणाऱ्या बाईने पाठीवर एवढा कापूस घेतला, याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी म्हणणार नाही. मी तो पुढे जाऊ दिला नाही, एवढंच.

पहिल्याच मुक्कामाला तो समोर आला. आम्ही दोघी एका तंबूत असायचो. ऊन अजून गेलं नव्हतं, बाकीचे चूल मांडत होते. मी काही न बोलता तंबूची चेन उघडली. सिस्टर पाठमोऱ्या बसल्या होत्या, कुडता खांद्यावरून उतरवलेला. उजव्या छातीवरची पट्टी त्या बदलत होत्या. तंबूत वास होता. जखम मी अर्धा क्षण पाहिली असेल. ती अशी एका महिन्यात होत नाही, हे मला नर्स नसूनही कळलं.

त्यांनी मला आत ओढून चेन लावली. डॉक्टरांना दाखवलंय का, मी विचारलं. दाखवलं होतं. पावसाळ्यातच दाखवलं होतं. तेव्हाच उशीर झाला होता, त्या म्हणाल्या, आणि तो त्यांनी स्वतःच केला होता. दुसऱ्या बाईने असं केलं असतं तर तिला फाडून खाल्लं असतं, असंही म्हणाल्या. अमोलला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सिस्टर, आपण उद्या खाली उतरू. मी येते तुमच्यासोबत."

त्यांनी शांतपणे पट्टी पुरी केली. मग म्हणाल्या, "माणूस आजारी आहे कळलं ना, की लोक आधी त्याच्या हातातलं सामान काढून घेतात. मग बाकीचं. मनमाडपर्यंत माझं मला उचलू दे, वर्षा. मग काय करायचं ते करा."

कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं.

पुढचे पाच दिवस त्या चालल्या. नेहमीसारख्या सगळ्यांच्या पुढे नाही, पण चालल्या. धोडप किल्ल्याच्या पायथ्याला पहिल्यांदा बसल्या. देवरेदादांना गुडघा धरलाय म्हणाल्या. दादांनी त्यांचा तंबू स्वतःच्या सॅकवर बांधला आणि त्यांनी तो बांधू दिला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुडघा नाय वाटत मला. तुला काही बोलल्या का?" मी नाही म्हटलं. दादा सरळ माणूस. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते 'नाही' माझ्या तोंडून किती सहज आलं, याचंच मला पुढे अनेक दिवस नवल वाटत राहिलं.

सातव्या दिवशी आम्ही चांदवडला उतरलो. मोठा रस्ता, एस.टी. स्टँड, चहाच्या टपऱ्या. सिस्टर बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मी इथून घरी जाते, गुडघा पुढचं चालू देणार नाही. मग त्यांनी सॅक उघडली. गूळ आणि चटणी दादांना दिली. औषधांची पेटी माझ्या हातात देऊन कुठली चिठ्ठी कुणाची ते सांगितलं. स्वेटर एकीला दिला, पुढे थंडी जास्त आहे म्हणून. दादा म्हणाले, आपण सगळेच थांबू. त्या म्हणाल्या, एका गुडघ्यासाठी सात माणसांची वाट मोडायची नाही. सगळे चहाला गेले तसं मी त्यांना म्हटलं, मी तुमच्यासोबत येते.

"तू आलीस तर त्यांना कळेल," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत मला तुझ्याशी बोलावं लागेल. मला आता बोलायचं नाय, वर्षा. लय दमलेय."

नाशिकची गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या. हात केला नाही, त्यांना ती सवयच नव्हती. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मी पुढे गेले. दोन दिवस चालून मनमाडला पोचले. यात मला सगळ्यांत जड जातं ते हे, की गाडी गेल्यावर मला थोडं मोकळं वाटलं होतं. सहा दिवस मी एकटीने जे बाळगत होते ते गाडीत बसून गेल्यासारखं. त्या दिवशी दुपारी मी देवरेदादांच्या एका विनोदावर हसलेही.

संक्रांतीनंतर त्यांना दवाखान्यात ठेवलं. अमोल रजा काढून आला. आम्ही आळीपाळीने जाऊन बसत असू. डॉक्टरांना मी एकदा गाठून विचारलंच, की डिसेंबरात आणलं असतं तर? ते म्हणाले, तेव्हा फार फरक पडला नसता, त्रास थोडा कमी करता आला असता. 'थोडा' म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात सिस्टरांनी मला शेवटचा मुक्काम कुठे केला आणि तिथल्या टाक्यात पाणी होतं का, ते विचारलं. मी सांगू लागले. ऐकता ऐकता त्यांना झोप लागली. त्यानंतर आमचं नीट बोलणं झालं नाही. पाडव्याच्या आधीच त्या गेल्या.

तेराव्यानंतर अमोलने मला घरी बोलावलं. तो घर रिकामं करत होता. खोक्यांमध्ये भांडी, चादरी, दवाखान्याच्या फाईली. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसला. देवरेदादांशी बोलणं झालं होतं त्याचं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण तंबूत तुम्ही दोघी असायचात, तो म्हणाला.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. पहिल्या दिवसापासून. कापूस पाहिला होता, त्याचंही सांगितलं. तो आरडाओरडा करील असं वाटलं होतं. त्याने केला असता तर बरं झालं असतं.

"आणि चांदवडला तिला एकटीला गाडीत बसवून तुम्ही पुढे गेलात."

"हो."

"का?"

"त्यांनी सांगितलं म्हणून," मी म्हटलं. एवढंच खरं नव्हतं, पण बाकीचं माझ्याच्याने बोलवेना.

तो बराच वेळ खोक्याच्या कडेची चिकटपट्टी नखाने उचकटत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. आईच्या नावापुढे तो दिवस होता, सकाळी अकराची वेळ, आणि खाली दोन मिनिटं. चांदवडच्या गाडीतून त्यांनी त्याला फोन केला होता.

"ट्रेक छान चाललाय म्हणाली," अमोल म्हणाला. "मागे गाडीचा आवाज येत होता. मी विचारलं, डोंगरावर कसली गाडी? तर म्हणाली, रस्ता ओलांडतोय. मी मीटिंगमध्ये होतो. मला बरंच वाटलं, तिने लवकर फोन ठेवला म्हणून."

त्याने फोन परत खिशात ठेवला नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत बसून राहिलो. थोड्या वेळाने पडदा काळा झाला, तेव्हा त्याने बोट लावून तो पुन्हा उजळवला.